हिरव्या विजारीतला मॅनेजर

पोट सुटलेल्या माणसाने खेळाडूंचे कपडे का घालावेत, या प्रश्नावर मी जेवढा विचार केला आहे तेवढा लग्न करतानाही केला नव्हता. फुटबॉलचा प्रशिक्षक बघा, साध्या जाकिटात असतो. बास्केटबॉलचा तर कोट-टाय लावून, कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखा उभा असतो. घोड्याचा मालक शर्यतीच्या दिवशी जॉकीची रंगीत विजार चढवून हिंडत नाही. एकट्या बेसबॉलमध्ये मात्र मॅनेजर नावाचा साठीकडे झुकलेला गृहस्थ, ज्याला बाकावरून उठताना देवाचं नाव घ्यावं लागतं, तो घट्ट विजार, गुडघ्याइतके मोजे आणि टोपी घालून पोरांच्या रांगेत बसलेला असतो. जणू ऐनवेळी कुणीतरी म्हणणार आहे, "चला काका, एक खेळाडू कमी पडतोय."

ही गंमत मी कित्येक वर्षं चवीने सांगत असे. मग ती माझ्यावरच आली.

मी वर्लिन डालक्विस्ट. मिनेसोटातल्या लिंडेनवॉल्ड गावात अंत्यविधीची व्यवस्था पाहतो. माझ्या आधी वडील पाहत असत. काळा सूट हा आमच्या घराण्यात कपडा नसून कातडीच आहे. मी अंगणातलं गवतही टाय लावून कापतो, कारण आमच्या धंद्यात कोणाचं बोलावणं कधी येईल सांगता येत नाही, आणि आलेल्या माणसाला अर्ध्या चड्डीतला मी दिसणं बरं नव्हे. शेजारचा ऑरिन स्टावे म्हणतो, "वर्लिन अंघोळीलाही बो लावून जातो." हे खोटं आहे. पण खोटं आहे हे मला प्रत्येकाला सांगत बसावं लागतं, यातच काय ते समजा.

आमच्या गावाचा संघ म्हणजे लिंडेनवॉल्ड लार्क्स. त्याचे मॅनेजर होते एल्मर हास. ते मार्चमध्ये वारले. शेवटची इच्छा अशी की, मला गणवेशात पुरा. मीच त्यांना तो घातला. शर्टाची बटणं लावताना मनात आलं, की आयुष्यभर गिरणीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला देवासमोर या वेशात का जायचं असेल? विचारायला उशीर झाला होता. आमच्या धंद्यात चांगले प्रश्न नेहमी उशिराच सुचतात.

एप्रिलमध्ये चर्चच्या तळघरात संघाच्या कमिटीची सभा भरली. नवा मॅनेजर कोण, असा विषय निघताच सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. आमच्याकडे कुणी कुणाचं नाव सुचवत नाही, ते उद्धटपणाचं समजतात. जो आधी हालचाल करील तो सापडतो. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरीही ताटात लिंबाची एकच वडी उरली होती आणि ती माझ्या बायकोच्या हातची होती, म्हणून मी उठलो.

"उभा राहिलाच आहेस तर..." ड्वेन प्रिबिल म्हणाला. हा गावचा न्हावी. ठराव एकमताने मंजूर झाला आणि वडी ड्वेनने खाल्ली.

मी एक अट घातली. मॅनेजरकी करीन, पण सुटात. "एका मोठ्या संघाचे एक मॅनेजर होते," मी सांगितलं, "म्हातारे होईतो सूट घालूनच बाकावर बसत असत. सगळं जग त्यांना मान देत होतं."

"बसत असत," एमिल श्वांटेस म्हणाला. एमिल हा लीगचा सेक्रेटरी, शिवाय तोच अंपायर, शिवाय बियाण्यांचा विक्रेता. तिन्ही कामं तो एकाच चेहऱ्याने करतो. "बाकावर. मैदानात पाय ठेवत नसत. आमच्या लीगमध्येही ज्याला रेषेच्या आत यायचंय त्याला गणवेश हवा."

"पण का?"

"पूर्वी मॅनेजर म्हणजे खेळाडूंतलाच एक म्होरक्या असायचा. स्वतः खेळायचा, खेळता खेळता पोरांना हुकूम सोडायचा. मग म्हातारा झाला, खेळणं सुटलं. कपडे राहिले."

"म्हणजे चुकून राहिले."

"सवयीने राहिले. चूक असती तर दुरुस्त केली असती," एमिल म्हणाला.

आमच्या संघाच्या त्या पूर्ण अंगभर हिरव्या, ताणणाऱ्या कापडाच्या गणवेशाचा ठराव गेल्या वर्षी मीच मांडला होता. इतरांनी घालायचा होता तोवर तो रंग मला फार उमदा वाटत होता.

तर मी काळ्या सुटात बाकावर बसू लागलो. पहिल्याच सामन्यात आमचा एक पोरगा घसरत बेसवर गेला आणि गुडघा धरून आडवा पडला. मी काळजीने उठलो आणि सवयीने कोटाचं मधलं बटण लावलं. अख्खं मैदान चिडीचूप झालं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हॅट काढून छातीशी धरली. पोराने मान वळवून मला पाहिलं मात्र, ताडकन उभा राहिला. "मी ठीक आहे, मिस्टर डालक्विस्ट! एकदम ठीक!" असं ओरडत तो लंगडत पळत सुटला. त्यानंतर आमच्या संघात कुणी पडून राहिलं नाही. माझ्या कारकिर्दीतलं हे एक यश मी नम्रपणे नमूद करतो.

खरी अडचण होती पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची. आमचा पिचर गॉर्डी हास, एल्मरचा मुलगा. चाळिशीचा, क्रीमरीत, म्हणजे लोण्याच्या कारखान्यात, खोकी गाडीवर चढवणारा. पिचर दमला की मॅनेजरने चालत मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर जायचं, हात पुढे करायचा आणि चेंडू मागून घ्यायचा, अशी रीत आहे. मला रेषा ओलांडता येत नव्हती. म्हणून मी ड्वेनला पाठवत असे, तो बाकावरचा माझा मदतनीस आणि त्याच्या अंगावर गणवेश होता. ड्वेन जायचा, बराच वेळ बोलायचा आणि एकटाच परत यायचा.

"काय झालं?"

"तो म्हणतो, बरं वाटतंय."

"तुला काय सांगायला पाठवलं होतं?"

"ते मी सांगितलं ना. पण मग त्याचं ऐकलं, तर मला पटलं."

न्हाव्याचा जन्म गिऱ्हाइकाच्या हो ला हो करण्यात जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आणि गॉर्डी तर माझ्याकडे बघतही नसे. मी बाकाच्या या टोकाला, तर तो त्या टोकाला. पिचर लोकांचे नाना शकून-अपशकून असतात, त्यातलंच काही असेल म्हणून मी सोडून दिलं.

जूनमध्ये एका दुपारी गॉर्डीची बायको लॅव्होन माझ्या ऑफिसात आली. मी सवयीने रुमालांचा डबा पुढे सरकवला.

"कुणी मेलेलं नाही, मिस्टर डालक्विस्ट," तिने डबा परत ढकलला. "गॉर्डीच्या खांद्याबद्दल आलेय. डॉक्टर म्हणालेत, आतला स्नायू एका धाग्यावर आहे. तुटला की हात वर जाणार नाही. मग खोकी कोण उचलणार? आणि हा तर बाबा गेले म्हणून दुप्पट जोराने फेकतोय."

"मी त्याला या वर्षी बसवून ठेवतो."

"घरी बसवलंत तर जास्त बिघडेल. खेळू दे. पण वेळेवर चेंडू काढून घ्या. बाबा स्वतः जायचे, नुसता हात पुढे करायचे. हा मुकाट देऊन टाकायचा. ड्वेनला तो जन्मात देणार नाही. तुम्ही जा."

"मला जाता येत नाही."

"का?"

"विजारीमुळे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. या खोलीत मी नाना तऱ्हेची दुःखं पाहिली आहेत, पण कुणी माझी इतकी कीव केल्याचं मला आठवत नाही.

"एका विजारीपायी माझ्या नवऱ्याचा हात जाणार?" ती म्हणाली आणि उठून गेली.

त्याच संध्याकाळी मी बायकोला, मार्लिसला, सांगितलं की मला गणवेश हवा. तिने भाजी चिरायची थांबवली, सुरी लांब ठेवली आणि मग हसली.

आता संघाकडे मॅनेजरचा गणवेश एकच होता आणि तो मी स्वतः, बटणं लावून, जमिनीखाली ठेवून आलो होतो. "एल्मर काही परत मागणार नाही," ड्वेन म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाला, "म्हणजे, तसं नव्हे." शहरातल्या दुकानाला फोन केला. ते म्हणाले, हा रंग आम्ही बंद केला, तुमच्याशिवाय कुणी घेतलाच नव्हता.

बातमी गावभर झाली. ऑरिन कुंपणावर रेलून सांगू लागला, की पट्टा नको, गॅलिस लाव, पोटाखाली पट्टा टिकत नसतो. त्याची बायको म्हणाली, उभ्या पट्ट्या घे, उंच दिसशील. पाद्रीबाबांनी सांगितलं की विनय हा सद्गुण आहे, आणि हे ते बहुधा विजारीला उद्देशूनच म्हणाले. मला आमच्या गावात इतके शिंपी आहेत याची कल्पना नव्हती.

शेवटी मार्लिस माप घ्यायला बसली.

"श्वास सोड."

"सोडला तर माप वाढेल."

"मग काय, सामना श्वास धरून बघणार आहेस?"

पांढरं ताणणारं कापड मिळालं, ते शिवलं. आता रंगवायचं होतं. त्या कापडाला रंग धरेना, उकळवायला लागणार होतं, आणि एवढं मोठं भांडं गावात एकच. चर्चच्या तळघरातलं, ज्यात रविवारी आमच्याकडच्या जुन्या रीतीने अंडं घालून कॉफी उकळतात. मार्लिसने ते शुक्रवारी आणलं, शनिवारी घासून परत ठेवलं. "चकचकीत केलंय," ती म्हणाली.

रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी आली. पहिला कप पाद्रीबाबांनी घेतला. कप खाली ठेवून त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आज निराळी झालीय." आमच्याकडे निराळी हा शब्द सहसा कुणी वापरत नाही, इतका तो कडक आहे. ऑरिनच्या बायकोनेही "निराळी" म्हटलं. पण बनवणाऱ्या बाईला वाईट वाटेल म्हणून एकानेही कप अर्धा सोडला नाही, उलट काहींनी दुसरा घेतला. मग शेवटचं भजन म्हणायला सगळे उभे राहिले, तोंडं उघडली आणि मला पुढून मागेपर्यंत हिरवे दात दिसले. मी आणि मार्लिस तोंड मिटून गात होतो. रंगाच्या पुडीवर 'अपाय नाही' असं छापलेलं होतं, ते मी घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचलं.

पुढचा अडथळा एमिलच्या मंजुरीचा. त्याने विजार उन्हात धरली, सावलीत धरली, गॉर्डीच्या शर्टाशेजारी धरली.

"हा हिरवा तो हिरवा नव्हे. तो पानाचा होता. हा वाटाण्याच्या सुपाचा आहे."

"मग?"

"बाकीच्या मॅनेजरांची हरकत नसेल तर चालेल. विचारून सांगतो."

त्याने सगळ्यांना फोन केले. कुणाचीच हरकत नव्हती. प्रत्येकाने फक्त एवढंच विचारलं, की वर्लिन तो कुठल्या दिवशी घालणार आहे, म्हणजे यायला बरं.

हे ऐकून माझा धीर खचला. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे हे मलाही कळत होतं. पण गावातलं एकेक घर माझ्यावर कधी ना कधी विसंबलेलं होतं. ज्या दिवशी त्यांना स्वतःचं नाव सुधरत नसतं, त्या दिवशी मी दाराशी उभा राहतो आणि तो कोट बघून त्यांना वाटतं, चला, कुणीतरी शुद्धीवर आहे. वाटाण्याच्या सुपात पाहिलेल्या माणसाच्या हाती उद्या आपली आई कोण देईल? म्हणून गणवेश कपाटात राहिला. सामने होत गेले, ड्वेनला पटत गेलं, आणि गॉर्डी डाव संपला की उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवू लागला.

मोसमाचा शेवटचा सामना शनिवारी, सेंट ओडिलिया गावाशी. जिंकला तर पुढची फेरी. त्याच सकाळी म्हाताऱ्या मिसेस टोलेफ्सरूड यांचं दफन होतं. कपडे बदलायला वेळ मिळणार नव्हता, म्हणून मी मनाशी तोड काढली आणि सुटाच्या आत गणवेश घातला. ऑगस्टची उन्हं. प्रार्थना चालली असताना मला अशा धारा लागल्या होत्या, की मिसेस टोलेफ्सरूड यांची मुलगी माझा दंड धरून म्हणाली, "तुम्हाला किती लागलं हो आईचं." आईचं मला लागलंच होतं, पण एवढं नव्हे.

तिथून शववाहिका तशीच मैदानावर नेली आणि कुंपणाशी लावली. सेंट ओडिलियाचे खेळाडू सराव थांबवून छातीवर क्रुसाची खूण करू लागले.

मी सुटातच बाकावर बसलो. आत गणवेश आहे, म्हणजे वेळ आली तर जाता येईल, अशी मी मनाची समजूत घातली होती. वेळ नऊपैकी सातव्या डावात आली. आम्ही एका धावेने पुढे होतो. गॉर्डीने चेंडू फेकला आणि पाठ फिरवून उभा राहिला, बराच वेळ. मी लॅव्होनकडे पाहिलं. ती मैदानाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"ड्वेन, जा."

ड्वेन गेला. ड्वेन आला. त्याने तोंड उघडायच्या आधीच मी म्हणालो, "कळलं, पटलं." आणि उठून रेषेपर्यंत गेलो.

एमिलने तोंडावरची जाळी वर केली. "वर्लिन, त्या कपड्यात नाही."

"आत घातलाय."

"आतलं मला दिसत नाही."

मग मी कोट काढला. टाय काढला. शर्ट काढला. माणसाला घाईत विजार काढायची असेल तर बूट आधी काढावेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एका पायावर उड्या मारत मी ड्वेनचा खांदा धरला. अख्खं गाव बघत होतं आणि कुणीही हसत नव्हतं. मला वाटतं, हसले असते तर सोपं गेलं असतं. मार्लिसने डोळ्यांवर हात ठेवले होते, बोटं फाकवून. ड्वेनने खिशातून टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि माझा सूट दोन्ही हातांवर घेतला. मी चालू लागलो. ती विजार चालताना आवाज करते, हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं.

पलीकडे चेंडू झेलणारा कॅचर तिथे आला होता, त्याने माझा अवतार बघून तोंड हातमोज्यात खुपसलं आणि लांब जाऊन उभा राहिला. गॉर्डी हसला नाही. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच.

"हा रंग कसला?"

"वाटाण्याचं सूप. एमिलच्या मते."

"बाबांचा असा नव्हता."

"त्यांचा त्यांच्याकडे आहे."

त्याचा ओठ जरा हलला. मग तो बुटाने माती उकरत म्हणाला, "मार्चमध्ये तू दाराशी आलास ना, त्या कोटात. हात पुढे केलास आणि म्हणालास, आता आम्ही त्यांना घेऊन जातो. तेव्हापासून तू बाकावर बसलास की मी तिकडे बघायचंच टाळतो. वाटायचं, हा माणूस त्या कोटात इथे आला आणि त्याने तसाच हात पुढे केला, तर मी कुंपणावरून उडी मारून पळून जाईन."

मला फार वाईट वाटलं. तीस वर्षं मी तो कोट लोकांच्या धीरासाठी घालत आलो होतो. त्याची कुणाला भीती वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"कोट तिकडे ड्वेनपाशी आहे," मी म्हणालो.

"तू कधी खेळलायस का रे, वर्लिन?"

"शाळेत. उजव्या कोपऱ्यात उभं करायचे. तिकडे चेंडू येत नसे म्हणून."

"मग हे घालून तू इथे करतोयस काय?"

याचं उत्तर तिथे उभं राहिल्यावर सुचलं. गणवेशात पुरा म्हणणाऱ्या एल्मरला काय कळलं होतं तेही कळलं. "तुझ्यासारखाच आत उभा आहे. आज मी तुला म्हणतोय, चल. उद्या कुणीतरी हेच कपडे घालून मला म्हणायला येईल. बाहेरून आलेल्या माणसाला चेंडू कोण देईल?"

"अजून दोघांना बाद करीन मी."

"करशील. मग हात वर जाणार नाही."

 मी हात पुढे केला. गॉर्डीने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या विजारीकडे. शेवटी त्याने चेंडू माझ्या तळव्यात ठेवला आणि वरून माझी बोटं मिटवली, हळूच, मलाच जपावं तशी. डॉक्टर पुढे म्हणाले, आणखी एक डाव टाकला असता तर खांदा संपला होता. आता थंडीभर विश्रांती घेतली तर तो खोकी उचलील. सामन्याचं म्हणाल, तर पुढच्या पिचरने तो आमच्या डोळ्यांदेखत घालवला.

पण ते नंतर. नव्या पिचरला चेंडू देऊन आम्ही दोघं निघालो, तेव्हा गाव उभं राहिलं. ओरडलं कुणी नाही, आमच्याकडे ओरडत नाहीत. नुसते उभे राहिले. अशा वेळी पिचरने टोपी उंच करायची असते. गॉर्डीचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. डाव्यात हातमोजा होता. तो पुटपुटला, "जात नाही रे वर."

"चालत राहा," मी म्हणालो. मी माझी टोपी काढली आणि त्याच्या वतीने उंच धरली. बाक येईपर्यंत मी ती खाली घेतली नाही.